प्लास्टिकच्या झाकणांतून मदतनिधी : खान्देशातील नव्या गटांसाठी मार्गदर्शक

बाटलीचे झाकण ही वस्तू इतकी लहान आहे की कचऱ्यात तिची वेगळी दखल कोणी घेत नाही. चहाच्या टपरीसमोर मातीत रुतलेली, गटारीच्या जाळीत अडकलेली, घंटागाडीतून सांडलेली झाकणे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कोणत्याही गावात दिसतात. ती वेगळी गोळा करून, धुऊन, निवडून पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला विकायची आणि त्या पैशांतून दिव्यांग किंवा गरजू व्यक्तीला मदत करायची, हा उपक्रम शाळा, महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गणेश मंडळ यांपैकी कोणालाही चालवता येतो. आमच्या तालुक्यातील गटात मी हे काम पाहतो. नव्याने सुरुवात करणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे कामाच्या क्रमाने दिली आहेत.

पुढे जाण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘अमुक हजार झाकणे जमा केली की कंपनी व्हीलचेअर देते’ किंवा ‘झाकणांच्या बदल्यात रुग्णालयात डायलिसिस मोफत होते’ असे संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहेत. झाकणाच्या बदल्यात थेट काहीही मिळत नाही. झाकणाला मिळतो तो त्याच्या वजनाचा भाव, आणि मदत होते ती त्या पैशातूनच. जर्मनीत रोटरी या सेवाभावी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी २०१४ ते २०१९ या काळात पोलिओ लसीकरणासाठी अशीच मोहीम चालवली. एक झाकण साधारण दोन ग्रॅमचे, म्हणजे ५०० झाकणांचा एक किलो, आणि एका किलोच्या पैशांत एका बालकाची लस, असा साधा हिशेब त्यांनी लोकांसमोर ठेवला होता. तुमच्या मोहिमेचा हिशेबही इतकाच साधा आणि खरा असावा.

हिशेबाचा अंदाज यावा म्हणून किलोला २० रुपये भाव धरू. हा आकडा केवळ उदाहरणादाखल आहे. भाव बाजाराप्रमाणे बदलतो. दोन ग्रॅमच्या एक लाख झाकणांचे वजन २०० किलो भरेल आणि त्याचे ४,००० रुपये होतील. पाण्याच्या बाटल्यांची हल्लीची झाकणे याहून हलकी असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी झाकणे आणखी लागतील. हे गणित पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर फळ्यावर मांडावे. रक्कम लहान आहे हे ठाऊक असूनही जे लोक टिकून राहतात, त्यांच्याच बळावर उपक्रम वर्षभर चालतो.

१. झाकण कशाचे बनते ते समजून घ्या

पाण्याची किंवा शीतपेयाची पारदर्शक बाटली पेट या प्लास्टिकची असते आणि तिच्या तळाशी त्रिकोणात १ हा अंक असतो. झाकण मात्र पेटचे नसते. ते एचडीपीईचे म्हणजे कडक पॉलिथिलीनचे (अंक २) किंवा पॉलिप्रॉपिलीनचे म्हणजे पीपीचे (अंक ५) असते. भंगार व्यवसायात यांना नुसते ‘एचडी’ आणि ‘पीपी’ म्हणतात. अंक बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या बाजूस उमटवलेला असतो. तो फार बारीक असल्याने झाकण उजेडात तिरपे धरून पाहावे लागते आणि काही झाकणांवर तो नसतोच.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. एचडीपीई साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळते, पीपी १६० ते १६५ अंशांना, तर पेटला सुमारे २५० अंश लागतात. झाकणांत बाटलीचे तुकडे राहिले तर ते यंत्रात न वितळता जाळीवर अडकतात, आणि ज्या कारखानदाराची जाळी एकदा तुंबली तो तुमचा माल पुन्हा घेत नाही. पेट वेगळे काढण्याची सोपी रीत म्हणजे पाण्याची बादली : पेट पाण्यापेक्षा जड असल्याने बुडते, एचडीपीई आणि पीपी तरंगतात. एचडीपीई आणि पीपी मात्र दोन्ही तरंगत असल्यामुळे बादलीने एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. तेथे अंक पाहावा आणि अंक नसेल तर झाकणाच्या प्रकारावरून ठरवावे. तेलाच्या किंवा शांपूच्या बाटलीचे बिजागरीचे झाकण बहुधा पीपीचे असते, कारण शेकडो वेळा दुमडूनही ते तुटत नाही. पाण्याच्या बाटलीचे साधे आट्यांचे झाकण बहुधा एचडीपीईचे असते.

प्लास्टिक पेटवून, धुराच्या वासावरून जात ओळखण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तुमच्या गटात ती कोणालाही करू देऊ नये, विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही.

२. खरेदीदार आधी ठरवा

बहुतेक गट आधी गोण्या भरतात आणि मग माल कोणाला द्यायचा याचा शोध घेतात. क्रम उलट ठेवावा. प्रत्येक खरेदीदाराची मागणी वेगळी असते, आणि ती माहीत नसताना केलेली निवड पुन्हा करावी लागते.

या बाबतीत खान्देशाची परिस्थिती चांगली आहे. ठिबक सिंचनाच्या नळ्या, पाइप आणि प्लास्टिकच्या चटया यांमुळे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकवर काम करणारे अनेक लहानमोठे कारखाने आहेत. चटईच्या उद्योगात पीपीचा पुनर्प्रक्रिया केलेला दाणा वापरला जातो. म्हणजे झाकणे मुंबईला किंवा सुरतेला पाठवण्याची गरज नाही. माल रंगाप्रमाणे निवडला जातो, ग्राइंडरमध्ये त्याचे तुकडे होतात, तुकडे धुऊन वाळवले जातात, मग ते वितळवून तारेसारखे बाहेर काढतात, पाण्यात थंड करतात आणि कापून दाणा करतात. ज्या कारखान्याला माल द्यायचा, तेथे दोन-तीन प्रमुख कार्यकर्त्यांनी परवानगी घेऊन एकदा हे काम पाहून यावे. ग्राइंडरच्या तोंडाशी बसलेला कामगार हाताने काय काय वेचून बाजूला टाकतो, हे दहा मिनिटे पाहिले की घरी कोणती निवड करायची हे आपोआप समजते.

खरेदीदाराला पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे वहीत तारखेसह लिहावीत :

- एचडी आणि पीपी मिसळलेले चालतील का, आणि चालले तर भावात किती फरक पडेल?
- पांढरा व रंगीत माल वेगळा हवा का? (पांढऱ्याला सहसा जास्त भाव मिळतो, कारण त्याला हवा तो रंग देता येतो, मिश्र रंगांपासून गडद किंवा काळाच दाणा होतो.)
- झाकणाच्या आतील मऊ चकती काढून द्यायची का?
- कमीत कमी किती माल लागेल आणि गाडीभाडे कोणाकडे?
- वजन कोणत्या काट्यावर होईल? पैसे बँकेतून मिळतील का?

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. त्याबद्दल विचारण्यात संकोच बाळगू नये. आपण लोकांना ‘याचा पुनर्वापर होईल’ असे सांगून झाकणे घेतो. ती पुढे कोठे जातात हे पाहणे ही आपलीच जबाबदारी आहे.

तालुक्याच्या गावी कारखाना नसेल तर जवळचा भंगार व्यावसायिक हाच खरेदीदार. त्याचा भाव कमी असेल, पण गाडीभाडे वाचेल. शहादा, साक्री किंवा चोपड्याहून दोन गोण्या जळगावला नेण्यात अर्थ नाही. चार-पाच गावांच्या गटांनी मिळून एक पिकअप भरली तरच तो प्रवास परवडतो.

३. मदत कोणाला, ते लेखी ठरवा

‘गरजूंना मदत’ एवढेच लिहिल्याने लोकांचा विश्वास बसत नाही. पहिल्या सहा महिन्यांची रक्कम नेमक्या कोणत्या कामासाठी वापरली जाईल, हे एका वाक्यात लिहून ते प्रत्येक डब्यावर चिकटवावे.

व्हीलचेअर हे नाव सर्वांच्या डोळ्यांसमोर चटकन उभे राहते, पण पहिल्या विक्रीच्या पैशांतून व्हीलचेअर घेण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र शासनाच्या एडिप योजनेत, उत्पन्नाच्या अटी पूर्ण करणाऱ्या दिव्यांगांना एलिम्को या सरकारी कंपनीची साधने शिबिरांतून विनामूल्य मिळतात. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती व नगरपालिकांनीही आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. अनेक घरांत अडचण असते ती त्या साधनापर्यंत पोहोचण्याची आणि नंतर त्याच्या देखभालीची. शिबिराच्या गावी जाण्याचे गाडीभाडे नसते, यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणीला सोबत येणारे कोणी नसते, खुर्ची मिळालेली असते पण पुढचे चाक निखळल्यामुळे ती गोठ्यात पडलेली असते. कुबडीच्या टोकाचे रबर झिजून आतला धातू उघडा पडला की ती ओल्या फरशीवर सरळ घसरते. नवे रबर अगदी थोड्या पैशांत मिळते, तरी ते बदलले जात नाही, कारण ते आणून बसवायचे कोणी हा प्रश्न असतो. झाकणांच्या लहान रकमेत अशी कामे फार चांगली होतात आणि त्यांचा उपयोग दुसऱ्याच दिवसापासून होतो.

त्यामुळे गावातील दिव्यांग व्यक्तींची यादी ग्रामसेवक, आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी बोलून तयार करावी, आणि कोणाला काय हवे ते त्या त्या व्यक्तीलाच विचारावे. घरच्यांनी सांगितलेली गरज आणि त्या व्यक्तीने सांगितलेली गरज पुष्कळदा वेगळी निघते.

४. साहित्य आणि कागदपत्रे

साहित्य फार लागत नाही. रुंद तोंडाचे डबे किंवा पाण्याचे रिकामे जार, दोन टब, जुनी चाळण, धुण्याचा सोडा किंवा साबण, रबरी हातमोजे, वाळवण्यासाठी जुनी साडी अथवा ताडपत्री, स्वच्छ गोण्या, सुतळी, दाभण आणि स्प्रिंगचा वजनकाटा एवढे पुरते. गोण्या साखरेच्या किंवा धान्याच्या घ्याव्यात. खताच्या अथवा औषध लावलेल्या बियाण्याच्या गोण्या कितीही झटकल्या तरी वापरू नयेत, कारण मुले त्यांत हात घालणार आहेत.

कागदपत्रांत पुढील गोष्टी असाव्यात : गटाचा ठराव व त्यावर सर्वांच्या सह्या, शाळेत काम असेल तर मुख्याध्यापकांचे परवानगी पत्र, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेला दिलेल्या माहितीपत्राची पोच, आवक-जावक वही, वजनपावत्यांची आणि विक्रीच्या बिलांची फाइल.

पैशांबाबत विशेष काळजी घ्यावी. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर तो ‘ट्रस्ट’ आहे असे कोठेही छापू नये आणि ‘८० जी’ म्हणजे देणगीवरील आयकर सवलतीचा उल्लेख करू नये. नोंदणी नसलेल्या गटासाठी सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे खरेदीदाराने रक्कम थेट एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जमा करणे आणि त्या संस्थेने तिची पावती देणे. झाकणांबरोबर रोख देणग्याही घ्याव्यात असा विचार पुढे येतोच. त्यासाठी मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो, आणि गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची जी परवानगी घेतात तशी परवानगी घ्यावी लागते. सुरुवातीला केवळ झाकणेच घ्यावीत; काम सुटसुटीत राहते.

५. झाकणे कोठून मिळतात

घरोघरच्या डब्यांतून संख्या वाढते, पण सावकाश. खरी आवक होते ती जेथे एका दिवसात शेकडो बाटल्या उघडल्या जातात तेथे. लग्नसराईतील मंगल कार्यालये, हिवाळ्यात शेतांवर होणाऱ्या भरीत पार्ट्या, अमळनेरची संत सखाराम महाराजांची यात्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार, मुक्ताईनगरची यात्रा, भुसावळसारखे मोठे रेल्वे जंक्शन, महामार्गावरील ढाबे या सर्व ठिकाणी झाकणे मिळतात. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा बाटलीबंद पाणी किती खपते, हे खान्देशी माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

कार्यालयात डबा नुसता ठेवून उपयोग होत नाही. आचाऱ्याला आणि वाढप्यांच्या प्रमुखाला आदल्या दिवशी भेटून ‘पंगत उठल्यावर बाटल्या गोळा करताना झाकणे या पिंपात टाका’ एवढे सांगावे, आणि काम संपल्यावर पिंप त्याच रात्री उचलावे. सकाळपर्यंत ठेवलेल्या पिंपात पत्रावळी, उष्टे आणि खर्रा-तंबाखूच्या पुड्या पडतात, आणि मग झाकणांपेक्षा घाणच जास्त निवडावी लागते.

वीस लिटरच्या जारची झाकणे घ्यायची असतील तर गावातील आरओ प्लांटशी बोलावे. तेथे ती एका जागी जमा होतात. ही झाकणे मऊ असतात आणि बहुधा एलडीपीईची म्हणजे मऊ पॉलिथिलीनची असतात. ती स्वतंत्र पोत्यात ठेवावीत, आट्यांच्या झाकणांत मिसळू नयेत.

येथे एक गोष्ट मनापासून सांगतो. बसस्थानकावर, रेल्वे स्थानकाबाहेर आणि कचरा डेपोवर बाटल्या वेचणारी माणसे असतात, त्यांत स्त्रिया पुष्कळ असतात. त्या झाकणासह बाटलीचे वजन विकतात. आपण त्यांच्या आधी पोहोचून झाकणे काढून नेली तर आपल्या पुण्यकर्माचा भार त्यांच्या रोजीवर पडतो. अशा ठिकाणी आपला डबा ठेवू नये. शक्य असेल तर त्यांच्याकडूनच सुटी झाकणे किलोच्या भावाने विकत घ्यावीत, आणि तो भाव भंगारवाल्यापेक्षा रुपया-दोन रुपये अधिक द्यावा. निधी थोडा कमी होईल, तो होऊ द्यावा.

शाळांतही एक सावधगिरी हवी. वर्गावर्गांत ‘सर्वाधिक झाकणे’ अशी स्पर्धा लावली की मुले पालकांना बाटलीबंद पाणी विकत घ्यायला लावतात, कधी दुकानातील भरलेल्या बाटल्यांची झाकणेही फिरवून पाहतात. बक्षीस द्यायचेच असेल तर ते सर्वांत स्वच्छ आणि अचूक निवडलेल्या पिशवीला द्यावे. घरून आणलेली स्टीलची बाटली हीच उत्तम, हे शिक्षकांनी मोहिमेच्या पहिल्याच दिवशी सांगावे.

६. काय घ्यायचे नाही

कीटकनाशके, तणनाशके आणि इतर शेती-औषधांच्या बाटल्यांची झाकणे कोणत्याही परिस्थितीत घ्यायची नाहीत. कापूस, केळी आणि मिरचीच्या आपल्या पट्ट्यात शेताच्या बांधावर अशी झाकणे पडलेली असतात, आणि मुले ती उत्साहाने उचलून आणतात. त्यांवर विषाचा अंश राहतो व तो साध्या धुण्याने जाईल याची खात्री देता येत नाही. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग आणि इंजिन ऑइल यांच्या झाकणांनाही हाच नियम लावावा. डब्यात असे एखादे झाकण आढळले तर हातमोजे घालून ते बाजूला काढावे, आणि ज्याने आणले त्याला न रागावता कारण समजावून सांगावे.

त्याखेरीज पुढील वस्तू निवडताना बाजूला काढाव्यात :

- सोडा-बाटलीचे पत्र्याचे बूच आणि औषधाच्या बाटलीचे ॲल्युमिनियमचे झाकण. हे धातू म्हणून वेगळे विकता येतात.
- हँडवॉशचे पंप आणि फवाऱ्याचे ट्रिगर. त्यांच्या आत स्टीलची स्प्रिंग असते आणि तिच्यामुळे ग्राइंडरचे पाते खराब होते.
- सॉसच्या बाटलीचे असे झाकण, ज्याच्या भोकावर मऊ रबरी पडदा असतो. तो सिलिकॉनचा असतो आणि वितळत नाही.
- दाबून फिरवायचे, एकात एक बसवलेले दुहेरी झाकण; इंजेक्शनच्या कुप्यांची टोपणे; दवाखान्यातील कोणतीही वस्तू.

पाण्याच्या बाटलीच्या गळ्याशी राहणारे कडे झाकणाच्याच प्लास्टिकचे असते, म्हणून ते चालते. परंतु ते ओढून काढताना बोटे कापतात. लहान मुलांकडून ते काम करवून घेऊ नये. बाटल्यांच्या पुनर्प्रक्रियेत कडी तरंगून वेगळी होतातच. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांना झाकण जोडलेलेच ठेवण्याचा नियम झाला आहे. आपल्याकडे झाकण सुटे होते, आणि म्हणून ते हरवते.

७. धुणे, वाळवणे, निवडणे

या टप्प्यावर कष्ट सर्वांत जास्त आहेत आणि भावही येथेच ठरतो. आधी कोरडी निवड करावी. ताडपत्रीवर झाकणे पसरून चौघांनी चार बाजूंनी बसावे आणि प्रत्येकाने एकच गोष्ट शोधावी : एकाने धातू, दुसऱ्याने पंप व रबर, तिसऱ्याने चकत्यांची झाकणे, चौथ्याने जारची झाकणे. एकाच माणसाने सर्व पाहायचे ठरवले की अर्ध्या तासात नजर थकते आणि पत्र्याचे बूच हमखास सुटते.

आतील चकती ओळखण्यासाठी नखाने झाकणाच्या आतल्या तळाची कड खरवडून पाहावी. चकती असेल तर तिची कड उचलली जाते, आणि बोथट टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने ती सहज निघते. चकती नसेल तर आत झाकणाच्याच अंगचे गोल कंगोरे लागतात. ते तसेच राहू द्यावेत. खरेदीदाराने चकती चालते असे सांगितले असेल, तर या कामात वेळ घालवू नये.

त्यानंतर पाणी. पहिल्या टबात साध्या पाण्यात झाकणे टाकून हाताने ढवळावीत. माती आणि पेटचे तुकडे तळाशी जातील. तरंगणारी झाकणे चाळणीने दुसऱ्या टबात घ्यावीत. दुसऱ्या टबात कोमट पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा असावा. तेलाची झाकणे शेवटी आणि वेगळी धुवावीत, नाहीतर सगळ्या मालाला तेलकटपणा येतो. पाणीटंचाईच्या दिवसांत धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरू नये. आरओ प्लांटमधून वाया जाणारे पाणी या कामाला उत्तम आहे, आणि प्लांटवाले ते आनंदाने देतात. धुतलेले पाणी उघड्या गटारीत सोडण्याआधी फडक्यातून गाळावे.

वाळवताना झाकणे पालथी न ठेवता हलवत राहावीत, कारण पाणी आट्यांत अडकते. उन्हाळ्यात एका दुपारीत माल खडखडीत वाळतो. पावसाळ्यात मात्र घाई करू नये. ओला माल गोणीत भरला की कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि खरेदीदार ओलाव्याच्या नावाखाली वजनात कपात करतो. गोणी शिवण्याआधी मूठभर झाकणे वर्तमानपत्रावर आपटून पाहावीत. कागदावर डाग पडला तर माल अजून ओला आहे.

शेवटी रंगाची निवड. पांढरी, निळी आणि बाकीची रंगीत असे तीनच ढीग करावेत. सात-आठ रंगांचे ढीग दिसायला सुंदर दिसतात, पण त्यासाठी कोणी वेगळा पैसा देत नाही.

८. साठवण

झाकणे पोकळ असल्यामुळे जागा फार खातात. साखरेच्या ५० किलोच्या गोणीत त्यांचे वजन निम्म्याहून बरेच कमी भरते, हे लक्षात घेऊन आधीच खोली पाहावी. खोली कोरडी आणि सावलीची असावी. गच्चीवर महिनोन्‌महिने उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते. ही प्लास्टिके सहज पेट घेतात, त्यामुळे चूल, देवघर, विजेचा बोर्ड आणि फटाके यांपासून गोण्या दूर ठेवाव्यात. दिवाळीपूर्वी साठा विकून टाकणे सर्वांत चांगले.

उघड्यावर पडलेल्या झाकणात पावसाचे चमचाभर पाणी साठले तरी डेंग्यूच्या डासाला अंडी घालण्यास ते पुरते. जून ते ऑक्टोबर या काळात डबे झाकलेले असावेत आणि दर आठवड्याला रिकामे करावेत. तान्ही आणि रांगती मुले ज्या घरात आहेत तेथे निवडीचे काम ठेवू नये, कारण झाकण घशात अडकू शकते.

प्रत्येक गोणीवर प्रकार, रंग, वजन आणि भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

९. वजन आणि विक्री

विक्रीच्या दिवशी गोण्या आधी आपल्या काट्यावर तोलून आकडा वहीत लिहावा, आणि मगच गाडीत चढवाव्यात. माल एकट्या माणसाने नेऊ नये; गटातील दोन वेगळ्या घरांतील व्यक्ती सोबत असाव्यात. खरेदीदाराच्या काट्यावर माल ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, ते पाहावे. आम्ही एका ठिकाणी माल दिला तेव्हा आमच्या वजनात आणि त्यांच्या वजनात बरीच तफावत आली; घरचे आकडे गोणीनिहाय लिहिलेले असल्यामुळे शांतपणे पुन्हा तोलण्याची विनंती करता आली आणि वजन दुरुस्त झाले. काट्यावर शासनाच्या वैधमापन विभागाचा पडताळणी शिक्का असतो, तो पाहण्याचा अधिकार प्रत्येक विक्रेत्याला आहे.

गोणीचे वजन वजा करण्याची पद्धत आधीच ठरवावी. वजनपावतीवर तारीख, मालाचा प्रकार, निव्वळ वजन, दर आणि रक्कम या पाचही गोष्टी असल्याशिवाय ती घेऊ नये. पैसे रोख न घेता बँकेतून घ्यावेत, रक्कम लहान असली तरीही.

भाव वाढेल या आशेने माल वर्षभर अडवून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. नव्या प्लास्टिकचा दर घसरला की झाकणांचाही घसरतो, आणि त्यावर आपला काहीही ताबा नसतो. दोन-तीन महिन्यांनी नियमित विक्री केल्यास लोकांना पैसा कामी आलेला दिसतो, आणि डबे भरत राहतात.

१०. हिशेब आणि मदत पोहोचवणे

प्रत्येक विक्रीनंतर आठ दिवसांच्या आत एका कागदावर हिशेब लिहून तो ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि मंदिराच्या फलकावर लावावा : किती किलो, काय दर, गाडीभाडे किती, शिल्लक किती, ती कोणत्या कामासाठी वापरली. लाभार्थीचे नाव फलकावर लिहू नये. ‘एका व्यक्तीच्या खुर्चीची दोन चाके बदलली’ एवढे पुरेसे आहे. हार-तुरे, भाषण आणि हातात साधन धरलेले छायाचित्र या गोष्टी संबंधित व्यक्तीने स्वतः मागितल्याशिवाय करू नयेत. तिच्या अडचणीचे प्रदर्शन मांडून आपल्या मोहिमेची जाहिरात करणे योग्य नाही.

पुढे कधी व्हीलचेअर घ्यायची वेळ आली तर ती मापाने घ्यावी. बसल्यावर दोन्ही बाजूंना साधारण बोटभर-दोन बोटे जागा राहावी. फार रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो आणि पाठ दुखते. घराच्या दाराची आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजावी, उंबरठा पाहावा. गावात खडी आणि मातीचे रस्ते असतात, म्हणून पंक्चर न होणारी भरीव टायर असलेली खुर्ची सोयीची पडते. फिजिओथेरपिस्टचा सल्ला मिळाला तर उत्तमच. लहान मुलासाठी ‘मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून मोठ्या मापाची खुर्ची घेऊ नये.

साधन दिल्यावर महिन्याभराने एकदा घरी जाऊन यावे. ब्रेक लागतात का, पाय ठेवण्याची पट्टी सैल झाली आहे का, पुढच्या चाकांत दोरा किंवा केस गुंतले आहेत का, हे पाहावे. पाना, थोडे तेल, जादा नट-बोल्ट आणि कुबडीची दोन रबरे असलेली लहान पिशवी निधीतूनच घेऊन गटाकडे ठेवावी, आणि ती कोणाकडे आहे हे आवक-जावक वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.